कु. चंद्रकांता हटवार हिचा जबडा

पितळी डब्याचं झाकण नीट बसत नसेल तर गिऱ्हाईक डब्याला दोष देत नाही, दुकानदाराला देतं.

ग्रहण सुटल्यावर घरातलं पाणी फेकायचं असतं. सगळं.

एका म्हशीनं गुलाबी रंगाचं काहीतरी बराच वेळ चघळलं आणि मग तोंडातून बाहेर ढकललं. म्हशी सहसा असं करत नाहीत.

'म' म्हणायला ओठ मिटावे लागतात. दुसरा इलाजच नाही.

नागपूरच्या एका डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. पेशंटच्या वडिलांना वाटलं, बाईंना हुंदका आला.

०

आंधळगावच्या बाजारओळीत श्यामराव हटवारांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानात पितळ होतं, तांबं होतं, नव्यानं आलेलं स्टील होतं, आणि भांड्यावर नाव टाकायची विजेची मशीन होती. आजूबाजूच्या गावांत लग्न ठरलं की आधी भटजी, मग श्यामराव. परातीवर, गुंडीवर, पेल्यावर 'यांजकडून सप्रेम भेट' असं त्यांच्या हातानं उमटलं की लग्न झाल्यासारखंच. श्यामरावांचं अक्षर एकसारखं होतं, ओळ सरळ होती आणि स्वतःबद्दलचं मतही तसंच सरळ होतं. आपल्या दुकानातून न बसणारं झाकण आजवर गेलेलं नाही, असं ते गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक नसलं तर बायकोला सांगत.

त्यांना एकच मुलगी, चंद्रकांता. घरात चंदा. वय दहा, अंग काटकुळं आणि आवाज असा की ती आईला हाक मारायची तेव्हा दोन-चार घरांतल्या आया दारात येऊन बघायच्या. या आवाजामुळे एकोणऐंशी सालच्या ऑगस्टात हेडमास्तर यादोराव गुरुजींनी तिला कवायतीचे आदेश द्यायला उभं केलं. मुलीनं आदेश द्यायचे आणि मुलांनी पाळायचे, ही गोष्ट गावाला जरा नवीनच होती. पण गुरुजी शिस्तीचे भक्त होते, आणि शिस्तीला आवाज लागतो.

तालमीच्या दिवशी चंदानं "सावधान!" म्हटलं. शाळा खांबासारखी ताठ झाली. मग ती म्हणाली, "विश्रा—"

आणि तिथंच थांबली.

तोंड उघडं ते उघडंच. 'श्रा' लांबला, पातळ झाला, हवेत विरला. चंदाचे डोळे मोठे झाले. हनुवटी डावीकडे गेलेली, जबडा जागचा हलेना, आणि 'म' काही येईना. शाळेला गुरुजींनी शिकवलं होतं की आदेश पूर्ण झाल्याशिवाय पाय हलवायचा नाही. शाळा हलली नाही. पहिलीतल्या एकाची चड्डी ओली झाली, पण तोही हलला नाही. खुद्द गुरुजी त्याच आदेशाखाली सावधानमध्ये उभे होते, त्यामुळे तेही हलेनात. फक्त त्यांच्या मिशा हलत होत्या. शेवटी शेजारच्या रस्त्यानं चाललेल्या भैय्यालालनं कुंपणावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "काय गुरुजी, कोनी मेलं का?"

हा भैय्यालाल म्हणजे श्यामरावांचा शेजारी. ढेपेचा, म्हणजे गुरांच्या पेंडेचा व्यापारी, एका म्हशीचा मालक आणि अख्ख्या ओळीचा सल्लागार. त्यानंच धावत जाऊन दुकानात वर्दी दिली, "शामराव, चाला जी! पोट्टीचं तोंड उघडं राहून गेलं!"

श्यामरावांनी मुलीला खांद्यावर टाकलं आणि ते सरकारी दवाखान्याकडे निघाले. मागून अर्धा बाजार. दवाखान्याच्या डॉक्टरांनी अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, ते तिच्या दाढांवर ठेवले आणि जबडा खाली दाबून मागे ढकलला. 'कट्' असा आवाज झाला, तो दारातल्या लोकांनीही ऐकला. जबडा जागेवर आला. चंदानं ओठ मिटले आणि पहिलं काम केलं ते हे, की राहिलेलं अक्षर म्हटलं.

"म!"

आणि मग रडली.

०

डॉक्टरांनी तिला दात मिटायला लावले, उघडायला लावले, पुन्हा मिटायला लावले. दर वेळी शेवटच्या क्षणी खालचा जबडा डावीकडे सरकत होता आणि कानापाशी टक् वाजत होतं.

"वरचा जबडा अरुंद आहे," डॉक्टर म्हणाले. "खालचा त्यात मावत नाही, म्हणून बसायला जागा शोधत एका बाजूला जातो. रोज, प्रत्येक घासाला. मग कानापुढचा सांधा कुरकुरतो. झाकण वाकडं बसलं तर बिजागरी किती दिवस टिकेल? तुम्हीच सांगा, भांडीवाले आहात."

डॉक्टरांनी सोपं करून सांगायला म्हणून हा दाखला दिला होता. पण श्यामरावांच्या तो काळजात गेला. न बसणारं झाकण! हटवारांच्या घरात!

"नागपूरला दाताच्या डॉक्टरांकडे न्या," डॉक्टर म्हणाले. "वाढतं वय आहे, आत्ता सरळ होईल. मोठेपणी अवघड."

दुसऱ्या दिवशी यादोराव गुरुजी दुकानात आले. बसले नाहीत. पुढच्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला मोहाडीला ब्लॉकच्या सगळ्या शाळांची एकत्र कवायत व्हायची होती, आणि आदेश द्यायचा मान आंधळगावला मिळाला होता. "जबडा दुरुस्त झाला तर चंद्रकांता," गुरुजी म्हणाले. "नाही तर सरपंचांचा पुतण्या, ईश्वर."

ईश्वर 'सावधान' असं म्हणायचा की जणू वांगी विकतो आहे. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही.

चंदा पडद्याआडून ऐकत होती. गुरुजी गेल्यावर ती बाहेर आली. मोठ्यांदा काही बोलली नाही, कारण आता तिला तोंड उघडायची भीती वाटत होती. दात न उघडता एवढंच म्हणाली, "बाबा, मले आदेश द्याचा आहे."

सगळी गोष्ट या एका वाक्यापासून सुरू होते. आधीचं फक्त तोंड उघडणं होतं.

०

नागपूरला जायच्या आधी सल्ले आले. सल्ल्यांना मोटारीचं तिकीट लागत नाही, म्हणून ते आधी पोचतात.

श्यामरावांची थोरली बहीण देवकाबाई त्यांच्याकडेच राहायच्या. विधवा, कडक, सोवळ्याची. घराचं सोवळं-ओवळं, सणवार आणि कोणाच्या कुठे शिवण्यानं काय बिघडतं याचा कारभार त्यांच्याकडे. त्या म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं येवढं तोंड उघडाचंच कायले? आमी का उघडलं कधी?"

"बाई, तू आताही उघडूनच राहिली ना," श्यामराव म्हणाले, पण मनात.

भैय्यालाल ओट्यावर ऐसपैस बसला. "शामराव, डाक्टरच्या मांगं लागू नका जी. माह्या बैलाचं अस्संच झाल्तं. खालचा जबडा एकीकडं. चारा खाये त अर्धा खाली."

"मंग काय केलं तुमी?"

"इकला."

भैय्यालालला आपल्या सल्ल्यात काही कमी आहे असं वाटलं नाही. तो पुढे म्हणाला, "नाई त उजव्या अंगानं एक झापड. बसून जाते."

चंदाची आई सुलोचनाबाई आतून म्हणाल्या, "भाऊजी, झापड मारा, पण पयले तुमच्या वाल्या गालावर मारून दाखवा. कोन्या अंगानं बसते ते त समजन." भैय्यालालला ढेपेचं गिऱ्हाईक आठवलं आणि तो उठला.

०

नागपूरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलत होत्या. त्यांनी चंदाच्या तोंडात गुलाबी लगदा भरून ठसा घेतला, काही दिवसांनी परत बोलावलं, आणि टाळूवर बसणारी एक गुलाबी प्लेट दिली. तिला तारा होत्या आणि मधोमध एक इवलासा स्क्रू. आठवड्यातून एकदा बारक्या किल्लीनं तो थोडासा फिरवायचा. प्लेट रुंद होत जाणार आणि तिच्याबरोबर वरचा जबडा.

"जेवताना काढायची. एरवी चोवीस तास तोंडात. काढली की पाण्यात ठेवायची, कोरडी पडू द्यायची नाही. आणि तू," बाई चंदाला म्हणाल्या, "दोन बोटं उभी मावतील एवढंच तोंड उघडायचं. जांभई आली तरी."

श्यामरावांना हे सगळं फार आवडलं. किल्ली, स्क्रू, फिरवणं: ही आपल्या धंद्याच्या भाषेतली गोष्ट होती. त्यांनी गुरुवार ठरवला. दर गुरुवारी अंघोळ करून, चष्मा लावून ते किल्ली फिरवत, आणि तोंड असं करत की जणू भंडाऱ्याच्या खजिन्याचं कुलूप उघडताहेत.

प्रश्न आला तो प्लेट काढल्यावर ठेवायची कुठे याचा. देवकाबाईंनी निकाल दिला: तोंडातली वस्तू, म्हणजे उष्टी, स्वयंपाकघरात नको. न्हाणीत ठेवावी तर उंदीर. देवघराचा विषयच नाही. शेवटी ओसरीच्या कोनाड्यात दुकानातला एक तांब्याचा पेला ठेवला. चंदा जेवायला बसली की पेल्यात प्लेट पडायची, आणि येणारा-जाणारा पाहुणा कोनाड्याकडे बघून हात जोडायचा. श्यामरावांनी कोणालाच हटकलं नाही. एका वृद्ध पाहुण्यांनी पेल्यातलं पाणी तळहातावर घेऊन प्यायलं, डोळ्यांना लावलं आणि डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा मात्र श्यामराव काहीतरी बोलायला गेले. पण तोवर तीर्थ पोटात गेलं होतं. पाहुणे म्हणाले, "पवित्र वाटलं." त्यांना पुढे काही झालं नाही, ते अजून बरीच वर्षं जगले.

तीन-चार गुरुवारांत टक् आवाज थोडा कमी झाला. श्यामराव गिऱ्हाइकाला झाकण बसवून दाखवताना गुणगुणायला लागले.

आणि मग ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्याला ग्रहण लागलं.

०

त्या ग्रहणाची गोष्ट प्रत्येक गावानं आपापली सांगावी. आंधळगावात दुपारीच दारं लागली. रेडिओ सांगत होता, सूर्याकडे बघू नका. देवकाबाई सांगत होत्या, कशाकडेच बघू नका. वेध लागल्यापासून घरात अन्नपाणी बंद.

"चंदा, ते काढ तोंडातलं," देवकाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, डाक्टरनं चोवीस तास..."

"ग्रहनात तोंडात काई ठेवाचं नाई. डाक्टरनं का सूर्याले सांगतलं आहे?"

प्लेट निघाली, पेल्यात गेली. सुलोचनाबाईंनी सावधपणे त्या पाण्यात तुळशीचं पान टाकलं. तुपात, लोणच्यात, दुधात तुळशीचं पान टाकलं की ग्रहणाचा दोष लागत नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा पेल्यातलं पाणीही वाचलं, असं सुलोचनाबाईंनी धरलं.

पण पानानं दूध वाचतं, तूप वाचतं, लोणचं वाचतं. पाणी वाचतं का? देवकाबाईंच्या माहेरच्या म्हणजे हटवारांच्या रिवाजाप्रमाणे नाही. सुलोचनाबाईंच्या माहेरी, कारध्याला, वाचतं. लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊनही हा मतभेद कधी वर आला नव्हता, कारण मधल्या काळात एवढं मोठं ग्रहणच पडलं नव्हतं.

ग्रहण सुटलं. देवकाबाईंनी पदर खोचला. रांजण ओतला, हंडे ओतले, कळशा ओतल्या, कोनाड्यातला पेला ओतला. सगळं पाणी अंगणातून नालीत, आणि नालीतून भैय्यालालच्या गोठ्याकडे. मग त्या अंघोळीला गेल्या. मन स्वच्छ, घर स्वच्छ, पेला स्वच्छ.

चंदानं पेल्यात बघितलं आणि ती ओरडणार होती, पण दोन बोटं आठवली. ती पेला घेऊन बापाकडे गेली आणि उलटा करून दाखवला.

श्यामराव दुकानातली मोठी चाळणी घेऊन नालीत उतरले. ग्रहण सुटल्यामुळे लोक नुकतेच बाहेर येत होते आणि प्रत्येकाला पहिलं दर्शन झालं ते चिखल चाळणाऱ्या श्यामरावांचं.

"काय हारपलं जी, शामराव?" भैय्यालालनं विचारलं. "सोनं का?"

हो म्हणावं तर सगळी ओळ नालीत उतरेल. नाही म्हणावं तर काय ते सांगावं लागेल. श्यामराव नुसती चाळणी हलवत राहिले, आणि त्याचा अर्थ सगळ्यांनी सोनं असा घेतला. बघता बघता नालीत इतके लोक उतरले की पाणी वाहायचं थांबलं. कोणीतरी दिवा आणला. मग सुलोचनाबाईंनी दारातून खरं काय ते सांगितलं, आणि ओळीच्या टोकाला जाईपर्यंत त्याचं असं झालं की हटवारांच्या पोरीची अख्खी बत्तीशी ग्रहणात वाहून गेली.

प्लेट सापडली ती भैय्यालालच्या म्हशीच्या तोंडात. म्हैस ती मन लावून चघळत होती. मग तिनं चेहरा वाकडा केला आणि ती बाहेर ढकलली. तारा एकीकडे, स्क्रू एकीकडे, गुलाबी तुकडे ढेपेत.

"माह्या म्हशीले काई झालं त?" भैय्यालाल म्हणाला.

म्हशीला काही झालं नाही. उलट त्या आठवड्यात ती दूध जास्त देऊ लागली, आणि भैय्यालाल बाजारात ढेपेच्या जोडीनं या गोष्टीचंही वर्णन करू लागला.

देवकाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. कोणी त्यांना बोललं नव्हतं. चंदा त्यांच्याजवळ जाऊन बसली, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पान होतं त्यात. मले दिसलं नाई वो माय." चंदाला माहीत होतं की दिसलं असतं तरी ओतलंच असतं.

०

दुसरी प्लेट झाली. डॉक्टरीणबाईंनी म्हशीची हकीकत चेहरा न हलवता ऐकली, फक्त लिहिताना पेन एकदा थांबलं.

परत येताना मोटारीत श्यामरावांनी विचार केला. शांतपणे, व्यापाऱ्याच्या पद्धतीनं. लग्नाच्या पंगतीत शेकडो भांडी एकत्र होतात, एका विहिरीवर घासली जातात, तरी संध्याकाळी ज्याची परात त्याच्या घरी जाते. का? नाव असतं म्हणून. प्लेट का गेली? नाव नव्हतं म्हणून. नाव असतं तर बहिणीनं पेला ओतताना वाचलं असतं. देवकाबाईंना वाचता येत नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या विचाराच्या आड आली नाही.

एप्रिल होता. लग्नसराईनं दुकान भरलं होतं. मशीन सकाळपासून किर्र करत होती. दुपारी चंदा जेवायला बसली, प्लेट निघाली, आणि श्यामरावांनी ती पुसून मशीनखाली धरली.

'कु. चंद्रकांता श्यामराव हटवार' इथपर्यंत काम सुंदर झालं. एवढ्याशा जागेत इतकं बारीक अक्षर त्यांनी आयुष्यात कोरलं नव्हतं. तिथं त्यांनी हात उचलायला हवा होता. पण सकाळपासून त्या हातानं पराती कोरल्या होत्या. हटवारच्या पुढे हात थांबतच नाही. तो आपोआप पुढे गेला: 'यांजकडून सप्रेम भे—'

तड्.

दोन तुकडे झाले. एकावर मुलगी आणि बाप, दुसऱ्यावर आडनाव आणि प्रेम.

समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "शेट, माह्या गुंडीवर जरा हळू चालवा जी."

डॉक्टरीणबाईंना दाखवणं भाग होतं. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून वाचले. मग उठून त्या खिडकीपाशी गेल्या, पाठ करून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत राहिले. श्यामरावांना वाटलं, बाईंना हुंदका आला. परक्या मुलीसाठी एवढी माया!

बाई वळल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते खरे. "हटवार," त्या म्हणाल्या, "तिसरी देते. पण तुम्ही हिला हात लावायचा नाही. घरातल्या कोणीच नाही. किल्लीसुद्धा हिच्याकडे." आणि त्यांनी किल्ली चंदाच्या मुठीत दिली. "जमेल?"

चंदानं दोन बोटांएवढं तोंड उघडलं आणि म्हणाली, "जमते."

श्यामरावांना ते लागलं. मोटारीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. ज्या माणसाच्या हातून अख्ख्या मुलखाची भांडी सरळ ओळीत गेली, त्याच्या हातातून एक गुलाबी चकती काढून घेतली होती, तीही त्याच्याच मुलीला द्यायला. नदीचा पूल आला तेव्हा चंदानं त्यांच्या हातावर हात ठेवला. मूठ मात्र घट्ट मिटलेली होती.

०

उन्हाळाभर चंदा आपला जबडा आपणच सांभाळत होती. आरशासमोर बसून ती स्वतः किल्ली फिरवी. आई आरसा धरी. श्यामराव दुकानातून मान वळवून बघत आणि कोणी बघतंय असं वाटलं की कढई पुसायला लागत.

दोन बोटांची अट तिनं सोडली नाही. पण एवढ्याशा तोंडातून आदेश कसा द्यायचा? पहिले काही दिवस आवाज मांजराच्या पिलासारखा आला. मग तिनं शोधून काढलं की तोंड मोठं करायची गरजच नसते, पोट मोठं करावं लागतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना ती दुकानात पराती-हंड्यांच्या मधोमध उभी राहायची आणि पोटातून "सावधान!" म्हणायची. सुरुवातीला काही झालं नाही. मग एक दिवस टांगलेली झारी वाजली. मग पेले. जूनमध्ये मोठी परात झणाणली आणि बाहेर ओट्यावर झोपलेला भैय्यालाल उठून ताठ उभा राहिला.

जुलैत एका सकाळी तिनं दात मिटले आणि हनुवटी सरळ खाली आली. डावीकडे गेली नाही. टक् झालं नाही. वरचे दात बाहेर, खालचे आत, जसे सगळ्यांचे असतात. तिनं कोणाला सांगितलं नाही. चुलीवर भाजलेला भुट्टा उचलला, समोरच्या दातांनी कडेनं कडेनं ओळ धरून दाणे काढले आणि कणीस बापासमोर ठेवलं. आजवर ती भुट्ट्याचे दाणे बोटांनी काढून खायची.

श्यामरावांनी कणीस फिरवून बघितलं. ओळ सरळ होती. "बसलं!" ते दुकानभर ओरडले. एका बाईनं घाईनं डबा घेतला, झाकण बसलं असं समजून.

०

आता फक्त दाखला राहिला होता.

यादोराव गुरुजींना जबडा सुस्थितीत असल्याचा सरकारी दाखला हवा होता. दवाखान्याच्या डॉक्टरांकडे छापील दाखले होते. त्यांत छाती होती, डोळे होते, उंची होती. जबडा नव्हता. "मी अख्खी मुलगी तंदुरुस्त आहे असं लिहू शकतो," डॉक्टर म्हणाले, "सुटा जबडा नाही." गुरुजींना अख्खी मुलगी नको होती. श्यामराव दवाखाना आणि शाळा यांच्यामध्ये इतक्या वेळा गेले की वाटेवरची कुत्री त्यांना बघून उठायची बंद झाली. शेवटी डॉक्टरांनी 'इतर शेरा' म्हणून लिहिलं: 'मुलीचे तोंड उघडते व मिटते.'

गुरुजींनी वाचलं. "क्रमाने का?" त्यांनी विचारलं.

तरीही त्यांनी काळजी घेतली. ईश्वरला चंदाच्या मागे राखीव उभं करायचं ठरलं. जबडा अडकलाच, तर उरलेला आदेश त्यानं पूर्ण करायचा. कुठं अडकतं हे माहीतच होतं. म्हणून ईश्वरला एकच अक्षर दिलं होतं. तो आठवडाभर गावातून "म, म" करत फिरत होता.

०

पंधरा ऑगस्टला मोहाडीच्या मैदानावर पोरंच पोरं होती. रात्रीचा पाऊस उघडून चटका पडला होता. आंधळगावहून आलेल्या मंडळींत देवकाबाईही होत्या. त्यांनी मोटारीत कशालाही न शिवता प्रवास केला होता, तो कसा ते त्यांनाच ठाऊक.

"सावधान!"

आवाज मैदानाच्या पलीकडच्या झाडांवर जाऊन आला. हजारभर पोरांचे पाय एका वेळी जुळले. झेंडा वर गेला. श्यामराव कुंपणाशी छाती काढून उभे. आता विश्राम.

पण विश्रामच्या आधीच मंचावरचे मोठे पाहुणे उठले आणि त्यांनी भाषण सुरू केलं.

पाहुण्यांचा दोष नव्हता; त्यांना कोणी क्रम सांगितला नव्हता. ते स्वातंत्र्यापासून निघाले, धरणांवर आले, धरणांवरून रासायनिक खतांवर गेले आणि धानावरच्या रोगात शिरले. पोरं सावधानमध्येच होती. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता, पुसायची सोय नव्हती. एक बारकी मुलगी डुलायला लागली. एक मुलगा खाली बसला, तसाच ताठ.

"लेकरं पडतीन ना," देवकाबाई म्हणाल्या. हळू नाही.

चंदानं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी बारीक मान हलवली: नाही. पाहुणे बोलत असताना आदेश? ब्लॉकच्या इतिहासात असं झालेलं नाही. मग तिनं कुंपणाकडे, बापाकडे बघितलं.

श्यामरावांनी हिशोब मांडला. गप्प राहिली तर सगळं नीट पार पडत होतं. झेंडा वर गेला होता, तोंड शाबूत होतं, नाव झालं होतं. बोलली, आणि तिथंच अडकली तर? अख्ख्या ब्लॉकसमोर, पाहुण्यांच्या तोंडावर, उघड्या जबड्यानं? त्यांचा हात आपोआप वर झाला, थांब म्हणायला.

मग त्यांना तिची मूठ दिसली. किल्लीवर मिटलेली असायची तशीच मिटलेली.

त्यांनी वर गेलेल्या हाताची तीन बोटं मिटली. दोन उभी ठेवली.

चंदानं पोटात हवा भरली.

"विश्राम!"

'श्रा' मैदानभर पसरला आणि 'म' त्याच्यावर असा बसला, की फट दिसेना. हजारभर डावे पाय एकदम बाजूला गेले. झाडांवरचे बगळे उठले. आणि मंचावर, मावा-तुडतुड्यांच्या मधोमध, पाहुण्यांचाही डावा पाय बाजूला गेला, हात पाठीमागे गेले आणि तोंड बंद झालं. तेही कधीतरी कोणाच्या तरी शाळेत शिकलेले असणारच.

पाहुण्यांनी आपल्या पायाकडे बघितलं. मग शेजारच्यांना विचारलं, "मी कुठवर आलो होतो?"

कोणालाच सांगता येईना.

"मग संपलंच होतं," पाहुणे म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच टाळी सुरू केली.

पुढचं काही श्यामरावांना धड ऐकू आलं नाही. पोरं ओरडत होती. पाहुणे मंचावरून उतरून चंदाच्या समोर उभे होते आणि ती त्यांच्याशी बोलत होती, दोन बोटांएवढं तोंड उघडून, सरळ हनुवटीनं. ईश्वर मागे उभा होता. त्याचा 'म' तोंडातच राहिला होता, पण तोही टाळ्या वाजवत होता. यादोराव गुरुजी आले, श्यामरावांचा हात धरला, खूप वेळ सोडला नाही. "आदेश पूर्ण झाला," एवढंच म्हणाले. मिशा हलत होत्या.

भैय्यालालनं दोघांच्या खांद्यांमधून डोकं घातलं. "शामराव, माह्या म्हशीचा बी यात वाटा आहे जी. तिनं पयले चावून पाह्यलं."

"आहे," श्यामराव म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कोणालाच नाही म्हटलं नाही.

देवकाबाई गर्दीतून वाट काढत मैदानात शिरल्या. मोटारीत कशाला शिवल्या नव्हत्या त्या, इथं नाना गावच्या पोरांना ढकलत पोचल्या आणि त्यांनी चंदाची हनुवटी दोन्ही हातांत धरली. "आता उघड बाप्पा," त्या म्हणाल्या. "पाह्यजे तेवढं उघड."

चंदा हसली. मग तिनं ओंजळभर फुटाणे खाल्ले, चूळ भरली, प्लेट तोंडात बसवली आणि रांगेत जाऊन उभी राहिली, कारण परतीची मोटार लागायची होती आणि पोरांना रांगेत कोणीतरी न्यायलाच हवं होतं.

मोटारीत देवकाबाई सगळ्यांना सांगत होत्या, की तिला पहिला दात पोळ्याच्या दिवशी आला होता. खालचा.